काकूंचं कालचं जेवण

काकूंच्या गावी गेले होते. सकाळी आरोग्य संशोधनाचं काम करणारी एक मुलगी आली. गावातले लोक काय खातात आणि पुढे त्यांना कोणते आजार होतात, याचा अभ्यास तिची संस्था वर्षानुवर्षं करते आहे.

"काल काय जेवलात, मावशी?" तिनं विचारलं.

"पिठलं-भाकरी. आणि लोणचं, जरा जास्तच," काकू म्हणाल्या. "खोटं सांगून तुमचा अभ्यास कशाला बिघडवू?" मग तपासणीसाठी रक्त द्यायला त्यांनी हात पुढे केला.

ती गेल्यावर मी विचारलं, "दर वर्षी हेच सांगायचा कंटाळा नाही येत?"

"तुझे काका अचानक गेले. का गेले, ते कुणालाच सांगता आलं नाही. यातून पुढे कुणाच्या तरी घरी ते वेळेत कळेल."

मला रक्तदाबाचा त्रास आहे. मीठ कमी केल्यापासून तो आटोक्यात आहे, आणि त्याचं श्रेय मी आजवर डॉक्टरांनाच देत आले. पण त्यांना तरी हे कुठून कळलं? कुठल्या तरी अनोळखी घरांतल्या माणसांनी असंच खरं खरं सांगितलं असेल, म्हणूनच ना? त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत. त्या दुपारी पहिला घास घेण्याआधी मी त्यांना मनोमन हात जोडले.