उरलेला दिवस

फुकटच्या भाषणाला आपण होऊन वेळेआधी जाऊन बसणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या बहिणीच्या पदरात पडला होता. दाजी ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस. कुठलीही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय ती सुलटी आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. माझ्या साखरपुड्यात त्यांनी भटजींना उठवून पाटाचे खिळे तपासले होते.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत थंड हवेच्या ठिकाणी नवीच टूम निघाली होती. हॉटेलातली खोली दर वर्षी एक आठवडा तुमची, तीही जन्मभर! टाय लावलेली मुलं बाजारात जोडपी गाठून म्हणत, "तासभर माहिती ऐका, जेवण आमच्याकडून." बाकीचे लोक त्यांना पाहून रस्ता बदलत, दाजी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जात. घ्यायचं काहीच नसे. हे नक्की चालतं कसं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असे. ताईचा डोळा मात्र जेवणावर. ती खादाड मुळीच नव्हती, पण सुटीवरसुद्धा स्टोव्ह आणि डाळ-तांदळाचे डबे बरोबर असत. आयतं मिळेल असं तिचं वर्षातलं ते एकच जेवण, आणि दाजींपायी तेही दर वर्षी हुके. नमुन्याच्या खोलीत ते पलंगाखाली शिरत, बिजागऱ्या हलवत, संडासाची साखळी तीनतीनदा ओढत. शेवटी विक्रेता हात जोडून म्हणे, "साहेब, या आता." मग ताई खोलीवर येऊन मुकाट्याने स्टोव्हला पंप मारी.

महाबळेश्वरला एकदा मीही बरोबर होतो. ताईने निघतानाच बजावलं होतं, "आज एक प्रश्न विचारलात तर बघा!" पलीकडून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. पाऊण तास दाजी तोंडाला कुलूप लावून बसले. शेवटी तो मुलगा म्हणाला, "वर्षाचे बावन्न आठवडे, बावन्न मालक. एकदम सिंपल!" दाजींचा हात वर गेला. ताईने डोळे मिटले.

"बावन्न गुणिले सात, तीनशे चौसष्ट. एक दिवस उरतो. तो कोणाचा?"

मुलाने मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, "तो कोणाचाच नाही, साहेब."

"असं कसं? दिवस आहे म्हणजे मालक हवाच."

"मग द्या मला," ताई एकदम म्हणाली. "त्या दिवशी मी स्टोव्हपुढे बसणार नाही."

सगळा हॉल हसला. मॅनेजरने आम्हाला लवकर कटवायला म्हणून सर्वांत आधी जेवायला बसवलं. ताईने चार पुऱ्या खाल्ल्या. दाजींनी आपली पुरी उलटून पाहिली आणि मगच खाल्ली.

तेव्हापासून एकतीस डिसेंबर ताईचा. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या घरात दाजी सकाळीच ओट्याचा ताबा घेत. भात कसा शिजतो हे पाहायला दर दोन मिनिटांनी झाकण उघडत, त्यामुळे तो धड कधी शिजलाच नाही. ताई गॅलरीत खुर्ची टाकून तोच भात आवडीने खाई.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवाच्या एकतीस डिसेंबरला मी गेलो, तर ताई ओट्यापाशी उभी होती.

"आज तुझा दिवस ना?" मी विचारलं.

"आता करणारं कोण आहे?" ती म्हणाली. तिने भातावरचं झाकण उघडून आत पाहिलं. जरा वेळाने पुन्हा उघडलं. मग पुन्हा. मला दाजींची फार आठवण आली.

भात कच्चाच राहिला. आम्ही दोघांनी गॅलरीत बसून तो संपवला.