डगसाहेबांना शाल, मुलींना कुस्ती

मार्चच्या सुट्टीत लोक मेक्सिकोला समुद्रावर जातात. आम्ही टोरंटोजवळच्या व्हिटबीहून निघालो सस्कॅचेवानला, उणे बावीस अंशांत, कुस्ती वाचवायला.

आमची लेक मित्रा तिथल्या एका छोट्या कॉलेजात शिकते आणि मुलींच्या संघातून कुस्ती खेळते. (कॉलेजचं नाव लिहिलं तर मला ब्लॉक करणार आहे.) एका रविवारी तिचा रडवेला फोन आला. "मॉम, दे आर कटिंग अवर टीम. नेक्स्ट इयर नो रेसलिंग." पैसे नाहीत म्हणे.

माझा नवरा मिलिंद आमच्या मंडळाचा खजिनदार. पंधरा वर्षं जयंतीची वर्गणी गोळा करतोय. तो म्हणाला, "पैसे नाहीत असं कधी नसते. मागणारा नसतो. तिकिटं काढ!"

टोरंटो ते सस्काटून विमानाने साडेतीन तास. भाड्याच्या गाडीला विंटर टायर्स आहेत ना, हे आधी विचारा. पुढे दोन तासांचा रस्ता इतका सरळ की मिलिंदने स्टिअरिंग वळवलं ते फक्त शिंक आली तेव्हा. वाटेत गॅस स्टेशनवर पेरोगी मिळाल्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या. बारा डॉलरमध्ये दोघांचं पोट भरलं. तिखटाची पुडी मात्र पर्समध्ये असू द्या.

दुसऱ्या दिवशी मित्राने कॉलेज दाखवलं. जिकडेतिकडे एकच नाव, डग. फुटबॉलच्या चेंजिंग रूमवर डग, बाकांवर डग, वॉशरूममधल्या हात वाळवायच्या यंत्रावरसुद्धा डग. या गृहस्थांनी ट्रॅक्टर विकून बक्कळ कमावलं आणि तरुणपणी ते इथेच फुटबॉल खेळले. म्हणून फुटबॉलवाल्यांना पायाखाली गरम होणारी फरशी. कुस्तीच्या मुली बेसमेंटमध्ये, बॉयलरला खेटून. फरशी त्यांचीही गरम होते म्हणा!

"कोणत्या खेळाला किती द्यायचं हे कॉलेज ठरवत नाही का?" मी कुस्तीच्या कोचबाईंना विचारलं.

"ठरवतं ना," त्या म्हणाल्या. "डगना विचारून."

तिसऱ्या दिवशी देणगीदारांसाठी पॅनकेकचा नाश्ता होता. पालकांना पंधरा डॉलर. मिलिंदने बॅगेतून शाल काढली. मंडळाची एक रीत आहे. हात आखडणाऱ्या माणसाचं नाव आधीच माइकवरून पुकारायचं, टाळ्या वाजवायच्या आणि शाल घालायची. मग तो माघार घेत नाही.

"बाबा, प्लीज डोन्ट," मित्रा म्हणाली.

"तू काहून टेन्शन घेऊन राहिली?" म्हणत तो स्टेजवर माइकपाशी पोचलासुद्धा. तिथून त्याने खणखणीत इंग्रजीत जाहीर केलं, की आपले लाडके डगसाहेब मुलींची कुस्ती वाचवणार आहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. मिलिंद खाली उतरला आणि पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या सुटातल्या माणसाला त्याने शाल पांघरली. मोठा देणगीदार दुसरीकडे कुठे बसेल?

तो निघाला फुटबॉलचा कोच. डगसाहेब मागे एप्रन बांधून पॅनकेक उलटत होते.

ते हातातलं उलथनं घेऊन पुढे आले. मित्राने टेबलक्लॉथ तोंडावर ओढला.

"कौतुक माझं," ते म्हणाले, "आणि शाल त्याला?"

कोचने घाईघाईने शाल उतरवून दिली. डगसाहेबांनी ती एप्रनवर घेतली आणि फोटो काढायला सांगितलं. मग मुलींबरोबर एक. मग उलथनं उंचावून एक. "आजवर नुसत्या पाट्याच दिल्या सगळ्यांनी," ते खूश होऊन म्हणाले. "चला, एक वर्ष कुस्ती माझ्याकडे." चारचौघांत आम्हाला ओळखही न दाखवणाऱ्या मित्राने बापाला चक्क कमरेत धरून उचललं. मला हसताहसता रडू आलं.

घरी येऊन आठवडा झाला आणि तिचा फोन आला. आवाज पडलेला. डगसाहेबांनी नवा पैसा दिलाच नव्हता. मुलींच्या बॅडमिंटनला देत होते तोच काढून कुस्तीला दिला. आता बॅडमिंटन बंद, आणि मित्राची रूममेट बॅडमिंटनची कॅप्टन.

वर्गणी देणाऱ्याला आम्ही टाळ्या देतो, पण कार्यक्रम मंडळ ठरवतं. तिथे कार्यक्रमही देणाराच ठरवतो, हे आमच्या हुशार खजिनदाराच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. लेकीची कुस्ती वाचली याचा आनंद आहे, खोटं कशाला बोलू? पण तो नीट गिळता येत नाही.

काल त्या रूममेटच्या आईचा मॉन्ट्रियलहून फोन आला. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने अगदी नम्रपणे विचारलं, "या डगना नेमकं काय आवडतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोटो," मी म्हटलं. "फोटो काढलेले फार आवडतात."

पलीकडे ती लिहून घेत होती.