एकाच पाठीची दोन उत्तरं

मित्रांनो, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आज पांडेसरा औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या कामगारांचे खांदे तपासले. हात वर-खाली करताना खांद्याचा फरा, म्हणजे पाठीवरचं चपटं हाड, नीट सरकतो का, हे मागे उभं राहून नुसत्या डोळ्यांनी बघायचं असतं.

एका काकांच्या कागदावर मी "ठीक" लिहिलं. तो कागद चहा सांडून भिजला, म्हणून ते तासाभराने पुन्हा रांगेत आले. मी चेहरा पाहिलाच नाही, फक्त पाठ पाहिली. या वेळी लिहिलं, "फरा बाहेर येतो, ओझं उचलणं बंद."

काका वळले, तेव्हा ओळखलं.

"ताई, पाठ तर तीच शे. मंग कापडाचा ताका उचलू का नको?"

तुम्ही काय सांगितलं असतं?

बाकी सगळ्यांना तर मी एकदाच पाहिलंय.