उजव्या अंगाचा रिले

जुन्नरच्या तालिबला कुठल्याही गाडीचं वायरिंग डोळे मिटून कळायचं, गाडीवाल्यांच्या डोक्यातलं मात्र कधीच कळलं नाही. राजुरीच्या संपतभाऊंच्या ट्रकमधलं डिझेल पंपाचं बटण तिसऱ्यांदा जळालं, तेव्हा त्यानं मध्ये रिले बसवून दिला. आता पंपाचा सगळा करंट रिले झेलणार, बटणाला झळ नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. टोमॅटो भरलेला ट्रक सकाळपासून दारातच उभा होता.

"तालिबभाई, बटण दाबलं की पाल चुकचुकती. चारदा उतरून पाणी पिऊन आलो. अशा अपशकुनावर निगू कसा?"

"भाऊ, पाल न्हाई, रिले वाजतोय. वाजला म्हंजी पंप चालू झाला."

"त्ये कळलं राव. पण डाव्या अंगाला वाजतोय."

तालिबनं कपाळाला हात लावला, राजुरी गाठली आणि निमूटपणे रिले उजव्या अंगाला हलवला. बटण दाबलं, टक वाजलं, भाऊ खुशीत बाजाराला निघाले.

परवा तालिब घरून निघताना भिंतीवर खरीच पाल चुकचुकली. असल्या गोष्टी तो मानत नाही. कुठल्या अंगाला आहे, तेवढं फक्त परत आत जाऊन बघून आला.