शेंगा फोडत ऐका

बिराजदार बाईंच्या टेबलावर छडी नसे. तिथं भुईमुगाच्या शेंगांची टोपली असे. धडा सुरू झाला आणि मागच्या बाकावर कुणी पाय घासू लागला, की बाई फळ्यावर लिहिता लिहिताच म्हणत, "ये इकडं, ओंजळ पसर." ओंजळीत शेंगा पडत. "फोडत बस. टरफलं खिशात, दाणे टोपलीत, कान माझ्याकडं." तास संपला की दाणे साऱ्या वर्गाला वाटले जात आणि फोडणाऱ्याला मूठभर जास्त मिळत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दाराबाहेरून. अणदूरजवळ महामार्गाच्या फाट्यावर एक खाजगी शाळा आहे, तिथं मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. बाईंचे केस पिकले होते, पण नोकरी अजून कच्चीच होती. दर जूनला नव्याने बोलावणं यायचं. मुख्याध्यापक एकदा वर्गात डोकावून म्हणाले, "बाई, ही शाळा आहे का बाजार?" बाई म्हणाल्या, "सर, बाजारात गिऱ्हाईक तरी लक्ष देतंय. तुमच्या परिपाठाला कोण देतंय ते सांगा." वर्ग हसला. मुख्याध्यापक हसले नाहीत.

त्या शाळेचं मैदान कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात तिथं शाळेच्या पिवळ्या गाड्या उभ्या राहत. पत्र्याच्या खोल्या, एकमेकांना चिकटून बसलेली मुलं, खेळाच्या तासाला स्पर्धा परीक्षेचे सराव पेपर. घरी गेलं की शिकवणी. शिकवणीहून आलं की हातात मोबाईल, कारण आई-बापही दमलेले. असं मूल चुळबूळ न करता बसलं, तरच खरं तर डॉक्टरला बोलवावं. पण आमच्या शाळेने उलट केलं.

शहरातलं कुठलंसं एक केंद्र 'लक्ष आणि एकाग्रता तपासणी शिबिर' घेऊन आलं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दोन तरुण माणसं, एक प्रोजेक्टर, आणि शिक्षकांना वाटलेले छापील कागद. मूल जागेवरून उठतं का? बोलण्यात मध्येच तोंड घालतं का? वस्तू हरवतं का? प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची. डॉक्टर त्यात कुणीच नव्हता. एका दुपारीत तिसरी ते सहावीचे वर्ग उरकले आणि वर्गावर्गातली दांडगी पोरं 'लक्ष कमी' ठरली. त्यांच्या पालकांना केंद्राचे महिनाभराचे वर्ग घ्यायला सांगण्यात आलं. वर्ग शाळेतच भरणार होते. शाळेला त्यातून काय मिळणार होतं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस शिक्षकांच्या खोलीत एकीलाच झालं.

"मी खुणा करणार न्हाय," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला आजारच मान्य नाही का?" ओळखपत्रवाला जरा हसून बोलला. खेड्यातल्या बाईशी बोलताना हसतात तसं.

"आजार मान्य हाय. माझ्या सख्ख्या भाच्याला हाय. त्याला डॉक्टरनं ओळखायला तीन भेटी घेतल्या, घरी काय करतो ते विचारलं, शाळेत काय करतो ते विचारलं. तुमी चहा व्हायच्या आत ओळखताय. दुखणं खरं असतंय बाबा, म्हणून तर ते खिरापतीसारखं वाटू नये."

त्याच आठवड्याच्या पालकसभेत त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे पुढं सगळ्या गावात फिरलं. आमच्याकडे खंडोबा वर्षाचा बराच काळ अणदुरात असतो आणि उरलेला काळ नळदुर्गला राहायला जातो. दोन गावांनी देव असा वाटून घेतलेला आहे. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "आपला देवसुद्धा वर्षभर एका जागी बसत न्हाय. आणि पोरगं पस्तीस मिनिटं बसलं न्हाय तर त्याला येडं ठरवायचं?"

टाळ्या पडल्या. माझं वाचन चळवळीच्या पत्रकांवर झालेलं, त्यामुळे मला तर ते एखाद्या सभेतलं शेवटचं वाक्य वाटलं. ज्यांच्या घरी निरोप गेले होते त्यांतल्या बहुतेकांनी केंद्राकडे पाठ फिरवली. संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा पडला. बाई जिंकल्या असं मी समजलो.

त्यानंतर दिवाळी झाली. शाळा उघडल्यावर एके दिवशी बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि डबा न उघडताच बसून राहिल्या. त्यांच्या मुठीत एक शेंग होती.

"ही प्रतीक्षाच्या हातातली," म्हणाल्या. "तासाच्या सुरुवातीला ओंजळभर दिल्या. तास संपला तरी ही एक तिच्या हातात तशीच. फोडली न्हाय, खाल्ली न्हाय, खाली ठेवली न्हाय. मी विचारलं, आपण काय शिकलो? तर माझ्याकडं अशी बघाय लागली, जणू मी आत्ताच वर्गात आले."

प्रतीक्षा गायकवाड सहावीत होती. कधी उठायची नाही, कधी मध्ये बोलायची नाही. वह्या हरवायची, गृहपाठ अर्धा सोडायची, वाक्याच्या मध्यावर थांबून खिडकीबाहेर बघायची. शिबिराच्या कागदावर तिच्या नावापुढे वर्गशिक्षकाने एकही खूण केली नव्हती. तिचा कुणाला त्रास नव्हता ना. ज्याचा मास्तरला त्रास होतो त्याचंच लक्ष कमी, असा त्या तपासणीचा सरळ अर्थ होता.

"मीबी वर्षभर तिला गुणी म्हणत राहिले," बाई म्हणाल्या. "गप बसलेलं पोर आपल्याला लई आवडतंय."

तिच्या वडिलांचं, सुभाषरावांचं, फाट्यावर पंक्चरचं दुकान. पोरगी 'डोक्यानं मंद' म्हणून सातवीनंतर तिला घरी बसवायचं त्यांनी ठरवलेलं होतं. बाई दुकानात गेल्या, मी सोबत होतो. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. सुभाषराव चाक फिरवत ऐकत होते.

"बाई, तुमीच सभेत म्हणला हुता की, देवबी एका जागी बसत न्हाय. मी टाळ्या वाजवल्या. आता माझ्याच पोरीला दवाखाना? दुसऱ्याची पोरं देवासारखी आन् माझी तेवढी आजारी व्हय?"

बाई पदर सावरून दुकानाबाहेर पडल्या. परतताना मी म्हणालो, "तुमचं वाक्य चूक नव्हतं बाई." त्या फटकन म्हणाल्या, "टाळ्या घेणारं वाक्य होतं. टाळ्या वाजल्या की माणसं पुढचं ऐकत न्हाईत. आजार मान्य हाय हे मी सभेत कुठं बोलले? ते तर त्या शिबिरवाल्या पोरांपुढं बोलले."

पण त्या थांबल्या नाहीत. रोज शाळा सुटली की दुकानापुढच्या टायरवर जाऊन बसायच्या. दवाखान्याचं नाव घ्यायच्या नाहीत. सुभाषरावांशी पावसाच्या, नळदुर्गच्या यात्रेच्या, कुणाच्या सोयरिकीच्या गप्पा. शेवटी एक दिवस तेच वैतागून म्हणाले, "बाई, गिऱ्हाईकाला बसाय जागा न्हाय राहिली. चला कुठं जायचं ते."

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. आधी कान तपासले, डोळे तपासले, घरचं विचारलं, शाळेचं विचारलं, पुन्हा बोलावलं. मग सांगितलं, की मुलगी मंद नाही, तिचं लक्ष टिकत नाही, आणि त्यावर उपाय आहे. काही गोळ्या सोलापूरहून आणाव्या लागत. पुढचा बाक, लहान लहान सूचना, परीक्षेत थोडा जादा वेळ. फेब्रुवारीत प्रतीक्षाने पहिल्यांदा एक अख्खा निबंध लिहिला. आपल्या गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यावर. बाईंनी तो मला वाचून दाखवला आणि वाचताना दोनदा चष्मा पुसला.

मग बाई दवाखान्याचा कागद घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. ज्या शाळेने एका दुपारीत डझनभर मुलांना आजारी ठरवलं होतं, त्या शाळेला खरा कागद पाहून घाम फुटला. "बाई, आपल्याकडं अशा मुलांची सोय नाही," अध्यक्ष म्हणाले. "निकालाचं बघावं लागतं. इतर पालक काय म्हणतील?"

"साहेब, शिबिर भरवलं तेव्हा सोय कुठून आली हुती?"

"ते वेगळं होतं."

वेगळं होतंच. ते धंद्याचं होतं. विकता येतो तोवर आजार, सांभाळायची वेळ आली की अडचण. मूल शाळेतून काढता येत नाही असा कायदा आहे, म्हणून त्यांनी काढलं नाही. सुभाषरावांना बोलावून चहा पाजला, मुलीच्या भल्याचं सांगितलं आणि त्यांच्याच सहीने अर्ज लिहून घेतला. दाखल्यावर कारण आलं : पालकांची विनंती. बाईंना हे कळलं तेव्हा प्रतीक्षाचं दप्तर वर्गातून गेलेलं होतं. त्या अध्यक्षांच्या खोलीत जाऊन जे बोलल्या ते बाहेर व्हरांड्यात ऐकू येत होतं. त्या जूनमध्ये बाईंना बोलावणं आलं नाही. त्यांच्यासोबत हिंडणारा म्हणून मलाही आलं नाही.

बाईंनी प्रतीक्षाचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. तिथल्या गुरुजींना सगळं समजावलं आणि संध्याकाळी आपल्या ओट्यावर तिला बसवून घेऊ लागल्या. सोलापूरच्या गोळ्या संपत आल्या की स्वतः एसटीने जायच्या. "तुमी का जाता, मी जाईन," असं सुभाषराव म्हणायचे, तर बाई म्हणायच्या, "तुमी चाकं बघा, मी पोरगी बघते."

गेल्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. सकाळी ओटा झाडताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं, आणि ते प्रवेशाचे दिवस. शाळेने दुसऱ्याच दिवशी फाट्यावर त्यांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला. फोटोखाली 'आदर्श शिक्षिका', त्याखाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली प्रवेशासाठीचा फोन नंबर. सभागृहात श्रद्धांजलीची सभा ठेवली.

अध्यक्ष भाषणात म्हणाले, की बाईंनी या संस्थेसाठी आयुष्य वेचलं, प्रत्येक मुलाला आपलं मानलं, आणि संस्थेनेही बाईंचा हा वारसा जपला आहे. मी उठणार होतो. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं, रात्रभर मनात जुळवलेलं. पण माझ्याआधी शेवटच्या रांगेतून सुभाषराव उठले. हातांना ग्रीस तसंच होतं, दुकानातून थेट आले असावेत.

"साहेब, बाईंनी ज्या पोरीसाठी नोकरी घालवली, ती पोरगी तुमच्याच शाळेत हुती. बाईंचं एवढं सांगताय, तर तिचंबी नाव घ्या की."

अध्यक्षांनी तोंडावर हसू ठेवलं, माईकवर हात ठेवायचं विसरले आणि शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांकडे वाकून विचारलं, "काय नाव होतं हो तिचं?"

सगळ्यांनी ते ऐकलं. मुख्याध्यापकांनी नुसती मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या," सुभाषराव म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवली आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत बाहेर निघून गेले.