मुंजाबानं रिकामं केलेलं गाव

गावं कारखान्यांमुळं रिकामी झाली असं म्हणतात. इतर गावांचं तसं असेल. आमचं गाव मुंजाबानं रिकामं केलं. ठरवून, वर्षानुवर्षं खपून. त्यानं बाहेर काढलेला पहिला माणूस मी. म्हणून हे मला सांगता येतं.

पाचोडच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. निम्मी जमीन काकासाहेबांची. त्यांच्याकडं सालगडी असत. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेला गडी. पाडव्याच्या सकाळी काकासाहेब ओट्यावर बसायचे. शेजारी ताटात गूळ. ज्याला साल धरायचं त्यानं पुढं यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि भिंतीला लावलेलं फावडं उचलायचं. उचललं की वर्षभर तो माणूस त्यांचा. त्याच्या बायकोनं गोठा झाडायचा, शेण काढायचं. ते वेगळं सांगावं लागत नसे. मीही त्यांच्याकडं सालं धरली.

मुंजाबा सालगडी नव्हता. तो मेंढ्या राखायचा. उन्हाळ्यात लोक त्याचा कळप आपल्या वावरात बसवून घेत, लेंडीखतासाठी. काकासाहेबही बसवून घेत. काम चोख होतं त्याचं. झाडाखाली घोंगडी टाकून कळप सोडून देणारा मेंढपाळ नव्हता तो. दिवसभर पायावर असायचा.

काकासाहेबांनी मोसंबी लावली त्या सालची गोष्ट. पाडवा होऊन गेला होता. बागेच्या कुंपणाला एका जागी खिंडार होतं, तिथून मुंजाबाच्या काही मेंढ्या आत शिरल्या आणि त्यांनी रोपांचे शेंडे खाल्ले. नुकसान झालं हे खरं आहे. भरपाई मागितली असती तर मुंजाबानं दिली असती. काकासाहेबांनी सगळा कळप कोंडवाड्यात घातला. मोकाट गुरं डांबायची ही गावाची जागा. चार दगडी भिंती, वर छप्पर नाही. त्यांचा सालगडी पुंजाराम यानं मेंढ्या आत हाकल्या आणि कुलूप लावलं. किल्ली काकासाहेबांच्या कमरेला.

मुंजाबा ओट्याखाली जाऊन उभा राहिला.

"मालक, दंड लावा. पर जित्राबाला पानी तरी दावू द्या."

"तुझ्या मेंढरांनी माझी झाडं खाल्ली ना? आता ऊन खाऊ दे त्यास्नी."

मुंजाबाची बायको सुगंधाबाई भिंतीवर चढून घागरीनं पाणी ओतायला लागली. मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढत होत्या आणि पाणी मातीत जिरत होतं. काकासाहेबांना कळलं तसं त्यांनी पुंजारामला काठी देऊन भिंतीपाशी बसवलं. मग तेही बंद झालं. चौथ्या दिवशी कुलूप निघालं तेव्हा निम्म्याहून जास्त कळप मेला होता. कोकरू एकही राहिलं नव्हतं.

उरलेल्या मेंढ्या मुंजाबानं विकून टाकल्या. गाव सोडताना तो पुन्हा ओट्याखाली थांबला. वर पाच-सात माणसं बसली होती.

"काकासाहेब, तुमच्या वावरात राबाया एक मानूस ठेवनार नाय मी."

माणसं हसली. काकासाहेबांनी पानाची पिचकारी टाकली. म्हणाले, "जा, जा. मेंढरं हाकता आली नाय, आन् मानसं हाकाया निघाला."

औरंगाबादला मुंजाबा चिकलठाण्याच्या कारखान्यांत गाड्या उतरवायला लागला. मुकुंदवाडीत पत्र्याची खोली घेतली. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पोतं मांडीच्या जोरावर उचलायचं असतं. कमरेच्या जोरावर उचलणारा दोन वर्षांत संपतो. मुंजाबा बघून शिकला आणि पुढं टोळीचा मुकादम झाला. वाळूजला कारखाने उभे राहिले तेव्हा तिकडंही त्याची टोळी लागली. आता त्याला माणसं हवी होती.

पाचोडच्या बाजारात त्यानं मला गाठलं.

"त्रिंबक, साल कुनाकडं?"

"काकासाहेबाकडंच की."

"पाडव्याला सुटशील. गूळ खाऊ नको. माझ्याकडं ये."

"आन् ऱ्हायचं कुठं? बायको नाय येनार उघड्यावर."

"खोली बघून ठिवली. बायकोला सांग, नळ दारात हाय. सकाळच्याला तासभरच येतो, पर येतो."

नळाचं ऐकून बायकोनं त्याच दिवशी भांडी बांधायला काढली. मी गेलो. मला वाटलं, मुंजाबा गावच्या माणसाचं भलं करतोय. वर्षभर मी तसंच समजत होतो.

मग एक दिवस सिल्लोडकडचा एक गडी काम मागायला आला. खांदे असे की दोन पोती एकदम नेईल. मुंजाबानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काम नाय." काम होतं. आम्हाला माणसं कमी पडत होती. दुसऱ्या महिन्यात आमच्याच गावचा एक जण आला. त्याची स्वतःची थोडी जमीन होती. त्यालाही मुंजाबानं परत लावलं. "तू काकासाहेबाचा गडी नाय. तुला उचलून माझा काय फायदा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यानंतरच्या पाडव्याला त्यानं काकासाहेबांचा गडी सांडू याला आणलं. सांडूसारखा बैल हाकणारा आमच्या भागात नव्हता. त्याच्या नांगराच्या तासाची रेघ दोरी लावल्यासारखी सरळ. पण गाडी उतरवायला तो काही कामाचा नव्हता. पोतं मानेवर घ्यायचा, मध्येच टेकायचा, पाण्याला जायचा. त्याच्या वाटचं आम्ही ओढायचो. मी मुंजाबाला म्हणालो, "ह्याला काढ. फुकटचा बसून खातो."

"सांडूनं हितं काय उतरवलं ते बघू नको," मुंजाबा म्हणाला. "तिथं काय पडून ऱ्हायलं ते बघ."

तो एकदम सगळ्यांना ओढत नव्हता. वर्षाला एक. फार तर दोन. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "सगळे गेले तर तो भाईरून मानसं आनंल. एक गेला की त्याचं काम बाकीच्यांच्या पाठीवर पडतं. पाठ दुखाया लागली की मानूस आपसूक सडकंकडं बघतो."

तसंच झालं. सहा जणांचं काम पाच जणांवर, पाचांचं चौघांवर. काकासाहेबांनी काम कमी केलं नाही, माणसं शोधली नाहीत. गडी येईलच, जाईल कुठं, अशी त्यांची समजूत. पुढं त्यांनी शोधाशोध केली तेव्हा आमचं बघून गावातले बाकीचे तरणे आणि शेजारच्या गावांतलेही गडी वाळूजच्या सडकेला लागलेले होते. काकासाहेबांची स्वतःची दोन्ही पोरं शहरात नोकरीला. त्यांना मुंजाबानं नेलं नव्हतं. ती आपली आपण गेली होती.

बायकांकडची बाजू सुगंधाबाईनं धरली होती. बाजाराच्या दिवशी एस्टीनं पाचोडला जायची आणि आमच्या गावच्या बायकांत जाऊन बसायची. घ्यायचं काही नसे. कुणाच्या दारात नळ आला, कुणाची पोरगी शाळेत जाते, कोणी सकाळी उशिरा उठली तरी कुणी बोलायला नाही, एवढंच सांगायची. मेंढ्यांचं तिनं कधी काढलं नाही. पण परत आली की मुंजाबाला पहिला प्रश्न तीच विचारायची. "आता किती उरले?"

शेवटी एकच उरला. पुंजाराम.

तो निघेना. मोसंबीचं एकेक झाड त्यानं आपल्या हातानं लावलं होतं. कुठल्या झाडाचं पाणी किती दिवस तोडून ताण द्यायचा, पुन्हा केव्हा सोडायचं, हे त्यालाच माहीत. शिवाय मुंजाबाची भीती होतीच. पण त्याची बायको आवडाबाई बाजारात सुगंधाबाईजवळ बसायला लागली. काकासाहेबांच्या कानावर ते गेलं. इथं त्यांनी चूक केली. पुंजारामचं बिऱ्हाड गावातून उचलून बागेतल्या झोपडीत आणलं आणि आवडाबाईला बजावलं, बाजाराला जायचं नाही. मीठ-मिरची लागली तर आमच्या घरून मागायची.

सहा दिवस वावरात वाकणाऱ्या बाईला बाजाराचा एक दिवस तिचा असतो. तिथं ती बांगड्या भरते, माहेरचं माणूस भेटतं, पोटभर बोलते. तो दिवस काकासाहेबांनी काढून घेतला.

पाडवा आठवड्यावर आला तेव्हा मुंजाबा मला घेऊन बागेत गेला. गाव सोडल्यावर पहिल्यांदाच. भर दुपार होती. काकासाहेब जेवून झोपलेले. पुंजाराम झाडांभोवतीची आळी साफ करत होता. आम्हाला बघितलं आणि खुरपं हातात धरून उभाच राहिला.

"मारायला आला का मुंजाबा?"

"न्यायला आलोय."

"कुलूप मी लावलं व्हतं."

"ठाव हाय. कुनी लावाया सांगितलं तेबी ठाव हाय. तुझ्याशी माझं काय नाय."

"झाडं सोडून कसा येऊ? बोराएवढी फळं धरलीत. आता पान्याचा खंड पडला तर गळून जातील सारी."

मुंजाबानं एक फांदी वाकवून फळं बघितली. त्याला तेच हवं होतं, हे मला कळलं आणि पुंजारामलाही. तेवढ्यात आवडाबाई झोपडीतून बाहेर आली.

"भाऊजी, ह्यांना इचारू नका. हे झाडाला इचारून जेवत्यात. टेम्पो कधी आनता ते सांगा."

"आवडे, गप!" पुंजाराम म्हणाला.

"का गप? मीठ मागाया मालकिनीच्या दारात उभी ऱ्हाते मी. कागदात बांधून चिमूटभर देत्यात. तुमी ऱ्हावा हितं. मोसंबीसंगं संसार करा. मी पोरं घेऊन चालले."

पुंजाराम खाली बसला. आळ्यातली माती हातानं सारखी केली. मग म्हणाला, "पाडव्याला मालकाला सांगून जाईन. चोरासारखा नाय जानार."

"सांगूनच जा," मुंजाबा म्हणाला. "मला बघायचंय."

पाडव्याला आम्ही सकाळीच टेम्पो घेऊन गेलो. काकासाहेब ओट्यावर बसले होते. कपाळाला गंध, शेजारी गुळाचं ताट, भिंतीला फावडं. समोर माणूस नाही. दारोदार गुढ्या होत्या, पण त्या म्हाताऱ्यांनी उभ्या केलेल्या. आम्ही समोरच्या पारावर बसलो. काकासाहेबांनी मुंजाबाला ओळखलं.

पुंजाराम आला. त्यांनी ताट पुढं सरकवलं.

"घे, पुंजाराम."

"नको मालक. सुटतो मी."

"सुटतो? झाडं तुझ्या हातची हायेत रे."

"व्हय." पुंजारामनं बागेच्या दिशेनं हात केला. "आज पान्याची पाळी हाय, मालक. आजच सोडा. पहिल्या सरीचा बांध कच्चा हाय, तिथं मानूस उभा करा."

"कोन मानूस?" काकासाहेब म्हणाले.

पुंजाराम वळला आणि टेम्पोत जाऊन बसला. आवडाबाई आधीच चढली होती. टेम्पो सुरू झाला. मी चढायला गेलो तर मुंजाबानं हात धरला.

"तू थांब."

तासाभरानं काकासाहेबांनी फावडं उचललं. धोतर खोचलं आणि बागेकडं निघाले. मुंजाबा मागून गेला, मी त्याच्या मागून. बांधावर लिंबाची सावली होती, तिथं तो बसला.

काकासाहेबांनी मोटार चालू केली. पाणी पाटात आलं. साठी गाठलेला माणूस, पण अंगापिंडानं दणकट. ताकद कमी नव्हती. काम येत नव्हतं. फावडं टोकाला धरत होते, त्यामुळं माती उचलली जाण्याऐवजी सांडत होती. एका आळ्याचं तोंड बुजवेपर्यंत पलीकडचं फुटायचं. तिकडं धावले की पहिलं वाहून जायचं. पहिल्या सरीचा बांध दुपारच्या आधीच गेला आणि पाणी ओढ्याला लागलं. चिखलात ते दोनदा पडले. एक वहाण आत रुतली ती काढता येईना. ती तशीच सोडून अनवाणी फिरायला लागले. तळहाताला फोड आले असणार. फावड्याची मूठ ते धोतराच्या सोग्यानं धरत होते.

मी आयुष्यभर अंगमेहनत केली. एवढी मेहनत एवढी वाया जाताना कधी बघितली नाही. माझे हात शिवशिवत होते. मुंजाबा हलला नाही. फडक्यातली भाकरी सोडली, निम्मी मला दिली आणि समोर बघत खात राहिला.

ऊन कलताना काकासाहेब कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि ओरडले, "मुंजाबा! नुसता बसून काय बघतो? हात लाव की!"

"लावला असता, काकासाहेब," मुंजाबा बसल्या जागेवरून म्हणाला. "पर आज पाडवा. माझं साल दुसरीकडं हाय."

काकासाहेबांनी फावड्याची मूठ सोग्यात धरली. पुन्हा वाकले. थोड्या वेळानं लाईट गेली, मोटार बंद पडली, पाटातलं पाणी उतरलं. ते तिथंच बांधावर बसले, पाय चिखलात.

मुंजाबा उठला. आम्ही सडकेकडं चालायला लागलो.

"त्रिंबक, किती झाडांना पोचलं पानी?"

"दीड सरी. तीबी धड नाय."

"एका मानसाच्यानं तेवढंच व्हतं," तो म्हणाला. थोडं चालला. "आन् उद्या?"

"उद्या पाठ धरंल त्याची. आजच्याइतकंबी नाय व्हनार."

मुंजाबा थांबला. सडक समोर दिसत होती. शेवटची एस्टी यायला वेळ होता.

"मग उद्या आपला कामावर खाडा पडू दे," तो म्हणाला, आणि गावाकडं वळला. "हितंच झोपू. सकाळच्याला लाईट आली की तो येईल."