मुखवटा हनुवटीपर्यंत आला आणि दिवे लागले

"सुनंदाताई, इंटरव्हल बरोब्बर मध्ये ठेवा. दोन सारखे तुकडे. त्यात डोकं कशाला लावायचं?" आमचे शेठ प्रोजेक्शन केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले.

"शेठ, बरोब्बर मध्ये हिरो त्याच्या मावशीशी बोलत बसलाय. तिथे सोडलं तर लोक चहा पिऊन घरी जातील."

मी नाशिकच्या एका जुन्या एकपडदा थिएटरात ऑपरेटर आहे. म्हणजे सिनेमा दाखवणारी. पूर्वी रिळं चढवायची, आता सगळं सर्व्हरवर. सिनेमा कुलूपबंद येतो, त्याची डिजिटल किल्ली मेलवर येते. इंग्रजी सिनेमाला इंटरव्हल नसतो. तिकडे लोक सलग बसतात म्हणे. आपल्याकडे सलग बसवलं तर समोसे कोण खाणार? म्हणून ती जागा मी ठरवते. सर्व्हरवर खूण केली, की तिथे सिनेमा थांबतो आणि दिवे लागतात.

त्या शुक्रवारी एका सुपरहिरोचा नववा भाग लागणार होता. ही मालिका मी पहिल्यापासून बघतेय. तिसऱ्या भागापर्यंत प्रेमाने, पुढे खोड जात नाही म्हणून. दर भागात जग संपायला येतं. दर भागात हिरो मरतो आणि पुढच्या पोस्टरवर हसत उभा असतो. व्हिलन आपला सगळा बेत समजावून सांगत बसतो, तोवर हिरोचे हात सुटतात. टीव्हीवरच्या सासू-सुनांना आपण उगाच नावं ठेवतो. तिथे निदान साड्या तरी बदलतात!

पण या वेळी हसण्यासारखं नव्हतं. आमचे प्रेक्षक कधीच गंगापूर रोडच्या बाजूच्या मल्टिप्लेक्सांकडे पांगले होते. थिएटर पाडून मंगल कार्यालय बांधायला एक पार्टी शेठच्या मागे लागली होती. "हा पिक्चर पडला तर मी हो म्हणणार," असं शेठनी तोंडावर सांगितलं होतं. मंगल कार्यालयात ऑपरेटरचं काय काम? अक्षता टाकू?

सकाळी किल्ली चालू झाली. पहिल्या शोआधी मी सिनेमा बघितला. अहो, काय ते कथानक! नुसत्या इमारती पडतायत. धड जागा एकच सापडली. व्हिलन स्वतःच्या मुखवट्याला हात घालतो, मुखवटा हनुवटीपर्यंत वर येतो. तिथेच खूण केली. मध्यापासून बरीच पुढे.

कॅन्टीनचे रफिकभाई वैतागले. "ताई, एवढ्या उशिरा? समोसे गार होतील ना."

"मग उशिरा तळा."

शोला फॅन क्लब आला. अध्यक्ष इंदिरानगरचे, बँकेत नोकरीला, चाळिशी उलटलेली, पाठीवर हिरोसारखी लाल केप. सिनेमा सुरू झाला. मुखवटा हनुवटीपर्यंत आला आणि दिवे लागले.

"एऽऽऽ!" सगळं थिएटर ओरडलं.

शेठ धापा टाकत वर आले. "काय केलंत हे! खुर्च्या फोडतील आता!"

मी काचेतून खाली बघितलं. कोणी जागचं हलत नव्हतं. सगळे भांडत होते.

"त्याचा बाप आहे, लिहून देतो!"

"बाप चौथ्या भागात मेला ना?"

"मेला म्हणून काय झालं?"

बाहेर कोणी येईना, तेव्हा रफिकभाईच ट्रे घेऊन आत शिरले. भांडता भांडता लोकांनी समोसे संपवले.

इंटरव्हल संपला. मुखवट्याखालून मावशी निघाली. लोकांनी कपाळावर हात मारले. पुढे नेहमीप्रमाणे इमारती पडल्या.

शो सुटल्यावर मी जिन्यात उभी होते. केपवाले अध्यक्ष समोर आले.

"काकू, पिक्चर एकदम बोगस. पण इंटरव्हल एक नंबर! उद्या बायकोला आणतो. बघू तिला तरी ओळखता येतं का."

तसंच झालं. ज्याने त्याने आपापलं माणूस फसायला आणलं. कोणी कोणाला मावशीचं नाव सांगितलं नाही. सिनेमा चांगला चालला आणि शेठनी त्या पार्टीला नाही म्हणून कळवलं. मी केबिनमध्ये जाऊन मनसोक्त रडले.

सिनेमा चांगला निघणं आपल्या हातात नसतं. तो कुठे थांबवायचा, एवढंच असतं.

आता दहावा भाग येतोय. नवव्याच्या शेवटी मावशी मेली होती, म्हणजे यात ती असेलच.